बोगद्यातलं जागृत देवस्थान

नंदकुमार घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी जन्मला, वाढला आणि वाऱ्यावर एम.टेक. करायला लागला, टेकडीवर मात्र कधी चढला नाही. वर बघण्यासारखं काही नाही, हे त्याला खालूनच कळलं होतं.

कॉलेजात वाऱ्याचा बोगदा होता, म्हणजे एका टोकाला दांडगा पंखा आणि पुढे काचेची लांब पेटी. उतरणाऱ्या विमानांना त्या टेकडीपाशी हिसके का बसतात, हे पेटीत छोटी टेकडी ठेवून शोधायचं होतं. टेकडी हवी थर्मोकोलची. थर्मोकोल म्हटल्यावर चाळीतला लवू आलाच. त्याचं गणपतीचं मखर बघायला मुलुंडहून माणसं यायची. लवूने नकाशाबरहुकूम टेकडी कापली, हिरवी रंगवली आणि माथ्यावर कळसासकट देऊळ बसवलं.

"हे काय रे?"

"बोडको डोंगर बरो दिसना नाय."

असेल वर, असं नंदकुमारला वाटलं.

पंखा सुरू झाला. वारा दिसावा म्हणून लावलेल्या उदबत्त्यांचा धूर देवळावर आपटला आणि पलीकडे, नेमका विमानं खाली येतात तिथे, गरगरायला लागला. प्रोफेसर कर्णिकांनी काचेला नाक लावलं.

"देऊळ आहे वर? नकाशात नाही."

"आहे ना सर. जागृत आहे. आम्ही दर शनिवारी जातो."

का बोललो, हे त्याला स्वतःलाही कळलं नाही. अहवाल गेला. विमानतळाचे एक अधिकारी कळस उतरवता येईल का, हे बघायला रविवारी येतो म्हणाले. तेव्हा नंदकुमार पहिल्यांदा टेकडी चढला. वर गवत होतं आणि एक बकरी. बकरीने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

त्याने मान खाली घालून लवूला सगळं सांगितलं.

"इतक्याच ना? बांधूया मगे. मंडळाचो मांडव पडूनच आसा. तुझो शब्द खोटो पडाक नको."

नंदकुमारने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पुढे त्याला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

रविवारी टेकडीवर देऊळ होतं. बांबू, कनात, चंदेरी कागदाचा कळस. दर्शनाला चाळीतल्यांची रांगही होती. पहिल्या नंबरला नारळ घेऊन शेजारची शकुमावशी. इतक्यात डोक्यावरून विमान गेलं, अगदी सुतासारखं.

"याला तर हिसका बसला नाही," अधिकारी म्हणाले.

"नवस बोललंव, सायबानू," लवू म्हणाला.

अधिकाऱ्यांबरोबर आलेले कर्णिक मात्र देवळात जायला बूट काढायला वाकले होते. गुडघे दुखरे, त्यात नाडीची गाठ बसलेली. नंदकुमार सोडवायला खाली बसला. म्हाताऱ्याचा पाय हातात आला आणि त्याला खोटं पुढे रेटवेना.

"सर, हे देऊळ कालचं आहे. आधी इथे फक्त बकरी होती."

कर्णिकांचा हात त्याच्या खांद्यावरच राहिला. माया म्हणून नव्हे. ते एका पायावर उभे होते.

"मग विमानांना हिसके कशाने बसतात?"

"माहीत नाही, सर."

"अहवाल मागे घ्यायचा. उद्या बोडकी टेकडी लाव."

लवू म्हणाला, "सर, बूट काढलेच आसात तर पाया पडून घेवा."

कर्णिक खरंच आत गेले, डोळे मिटून हात जोडून उभे राहिले. नंदकुमार बूट हातात धरून बाहेर थांबला. खाली ठेवायची त्याची छाती होईना.