बदल : शालू

तृप्ती हुशार आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं, आणि तेव्हापासून ती माझ्या डोळ्यांत सलते. खोटं कशाला बोलू?

तुमसरच्या आमच्या राइस मिलचा प्रोग्राम सहा वर्षं मीच सांभाळला. धानाच्या ट्रॅक्टरचा नंबर आणि ओलावा मी टाकायचे, मग फाटक, वजनकाटा, ऑफिस, तिन्ही ठिकाणी फोन करून ओरडायचे, "रिफ्रेश मारा!" तोवर पडद्यावर जुनाच आकडा. मी नसले की सारं अडायचं, आणि मालक बाबूलालभाऊ म्हणायचे, "शालूबिगर मिल चालत नाही." ते वाक्य मी जपून ठेवलं होतं.

मग सानगडीची ही तृप्ती आली, नागपुरात जावास्क्रिप्ट शिकून. दोन महिन्यांत तिने सगळा प्रोग्राम नव्याने लिहिला. आता आकडा बदलला की तिन्ही पडदे आपोआप बदलतात. हे कसं होतं, मी विचारलं.

"ताई, तलावाचं पाणी सुटलं का कोतवाल सांगत फिरते ना? मंग दर घडीले तलावावर जाऊन काहून पाहाचं? ज्याले आकडा पाहिजे त्यानं एकडाव नाव लिहून ठेवाचं. आकडा बदलला का तोच सगळ्याइले सांगते."

समजलं. हे मला का सुचलं नाही, तेवढंच समजलं नाही.

त्या सोमवारी वरठीच्या नव्या मिलचे लोक प्रोग्राम बघायला येणार होते. तिथलं काम आमच्यापैकी एकीला मिळणार होतं. भाऊंच्या तोंडी मात्र आठ दिवस नुसतं तृप्ती, तृप्ती. मी काय सहा वर्षं गवत उपटत होते?

तृप्ती पाहुण्यांना घ्यायला फाटकावर गेली. मी माझ्या नावाने प्रोग्राम उघडला. सतरा टक्क्यांहून जास्त ओलावा असला की धान परत जातं. मी सतराचे सात केले. पाहुणे ऑफिसात टेकले की हळूच रिफ्रेश मारायचं, सगळ्या गाड्यांपुढे 'परत' दिसेल आणि तृप्तीचं नाक कापलं जाईल, असा बेत. एंटर दाबलं.

सहा वर्षांची सवय! तिच्या प्रोग्रामला रिफ्रेश लागतच नाही, हे डोक्यातच आलं नाही.

फाटकावर बोंब उठली. "माह्या धानाचा ओलावा चौदा आहे, परत काहून?" ट्रॅक्टरवरून शेतकरी ईश्वरभाऊ ओरडत होते. मी धावले. पडद्यावर सगळे नंबर लाल, आणि खाली ठळक अक्षरांत 'बदल : शालू'. कोणी बदललं, तेही तिचा प्रोग्राम सगळ्यांना सांगतो.

पाहुण्यांसोबत उभ्या बाबूलालभाऊंनी ते वाचलं. "हे काय होय, शालू?"

बोलली ती तृप्ती.

"भाऊ, मीच ताईले सांगितलं होतं, आतून आकडा बदला म्हणून. बाहेर किती लवकर पोचते, ते पाहुण्याइले दाखवाचं होतं." बोलता बोलता तिने मोबाइलवर सातचे सतरा केले. पडदा हिरवा झाला.

पाहुणे खूश. वरठीचं काम तिला तिथेच, फाटकावरच मिळालं.

तिची अक्कल मी एक ना एक दिवस पचवली असती. पण तिच्या जागी मी असते तर तोंड उघडलं नसतं, मजा बघत उभी राहिले असते. ते तिला ठाऊक होतं, तरी ती बोलली. त्या दिवसापासून मी जास्तच जळते.