भिंत हीच तिची भुई

तुम्ही लबाड आहात. उंचावर खुर्ची मांडलीत, पायाखाली फळी ठोकून घेतलीत आणि जाहीर करून टाकलंत: आम्ही स्थिर, ती भिरभिरी. आम्ही सरळ, ती वाकडी. कुणाला विचारून?

चैत्राची संध्याकाळ होती. माळावर कुंकुमकेशरी उजेड उतरला होता; रेवड्यांच्या पाट्यांवर, पाळण्यांच्या पत्र्यांवर, धुळीच्या सोनसळी पदरावर. आणि जत्रेच्या कडेला उभी होती फळ्याफळ्यांनी जोडलेली, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली, आभाळतोंडी मौतची विहीर. तिच्या तळाशी हौसा मोटरसायकलला किक मारत होती.

ही तिची शेवटची फेरी. उद्यापासून तिनं तिकिटाच्या खिडकीत बसायचं, असं जत्रा समितीच्या अध्यक्षांनी दुपारीच बजावलं होतं.

“बाईमाणसाला ही वाकडी चाल शोभत नाही. गावाची मान खाली जाते.”

“विहीर हाय, साहेब,” माइकवरचे गफूरचाचा म्हणाले. “मान वर करून कसं दिसंल?”

माणसं खो खो हसली. अध्यक्ष हसले नाहीत. “उद्या गाडीवर गडी पाहिजे. नाहीतर माळ रिकामा करा.”

आणि तेच अध्यक्ष आत्ता विहिरीच्या काठावर, पहिल्या रांगेत, फुकटात बसले होते!

गाडी गरजली. आधी तळ, मग उतार, मग भिंत. आणि काठावरच्यांना जे कधीच उमगत नाही ते घडलं. भिंत आडवी झाली. भिंत भुई झाली. हाडांचा भार, रक्ताचा भार, दुपारपासून गिळलेल्या अपमानाचा भार, सगळा फळ्यांत रुतला. समोरची भिंत तिच्या डोक्यावरचं छत झाली. हौसा निश्चल होती, दीपज्योतीसारखी निवांत. गरगरत होते ते चेहरे, गरगरत होतं ते आभाळ, गरगरत होती ती खुर्ची.

तिच्या संदर्भचौकटीत फिरत होता तो अध्यक्ष.

आणि हँडल? हँडल सरळ होतं. तसूभरही वळलेलं नव्हतं. वाकलेली होती ती भिंत, आणि ती तिनं वाकवली नव्हती.

अनंत, अथांग, नीलकृष्ण आकाशातही हेच चालतं. जडाच्या भोवती अवकाश वाकतं, काळ वाकतो; त्या वाकलेल्या पोकळीत चंद्र आपला सरळच चालतो. त्याला कुणी वाकड्या चालीचा म्हणत नाही. हौसाला म्हणतात.

जड कोण, सांगू? खुर्चीतला. त्याच्या वजनानं अख्खा माळ खोलगट होतो. माणसं, नियम, फौजदार, देवळातला मानाचा नारळ, सगळं घरंगळत त्याच्याच पायाशी जातं. आणि वर म्हणायचं, आम्ही कुठं काय ओढलं? जडाशेजारी म्हणे घड्याळही मंद चालतं. म्हणूनच यांचं शतक अजून उजाडलेलं नाही!

हौसानं हात सोडले. दोन्ही हात, पंखांसारखे, पहाटेसारखे, मोकळे. सरळ हँडल सरळच राहिलं. ती वर आली, वर आली, अध्यक्षांच्या चपलांना वारा घालून गेली. मग संथ, सर्पिल, मानिनी, ती तळाशी उतरली. इंजिन बंद केलं नाही. बाहीनं मागची सीट पुसली आणि मान वर केली.

“अध्यक्षसाहेब, मागं जागा मोकळी हाय. या खाली. एक फेरी बसा माझ्यामागं. मग तिथनं सांगा, फिरतंय कोण अन् वाकडं कोण.”

गफूरचाचांनी माइक हळूच काठावरून अध्यक्षांपुढे धरला. शेकडो नजरा घरंगळल्या, त्याच जड खुर्चीकडे.

केशर विझतं आहे. माळ जांभळा होतो आहे. गाडी धडधडते आहे, सीट रिकामी आहे, आणि विहिरीच्या तळातून धुराची एक निळी रेघ वर येते आहे, सरळ, सरळ, सरळ.

माइक तुमच्यापुढे आहे. बोला. उतरताय का?