मावशी म्हणजे कोणती मावशी

मावशीच्या खांद्यावरची पिन, जरा तिरकी... आईने सकाळी लावलेली, दुसरी पिन दातात धरून, "हलू नको गं मुक्ता" असं पुटपुटत. आणि आता तोच पदर खोचून मावशी भर पालकसभेत, अपेक्षाच्या डोळ्यांदेखत, पाण्याचे पेले वाटत होती!

कारण काय, तर दारातून अपेक्षाच ओरडली, "मावशी, इकडं!" — ते नव्या बाईंनी ऐकलं, त्यांना वाटलं शाळेतल्याच मावशी, म्हणाल्या, "मावशी, जरा पाणी आणा ना." आणि ही गेली. गेली! हसत!

"तू कशाला आणलंस?"

"तहान लागली व्हती बाईला. तुझं काय झिजलं?"

काय झिजलं... किती दिवस आरशासमोर घोटलेलं वाक्य — ही माझी दुसरी आई, माझ्या आईचं हिच्यावर प्रेम आहे, संपलं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत यात नवल काहीच नाही. आईच्या ओळखीतल्या सरिताताईचा मैत्रिणीवर जीव जडला म्हणून खुलताबादच्या घराने तिला बाहेर काढलं, ती दोन दिवसांसाठी आली आणि आता माझ्या गादीवर आडवी झोपते, माझा कंगवा हरवते, वर माझ्याशीच भांडते — घरच ते! पण उंबऱ्याबाहेर पडलं की सगळं एका शब्दात कोंबायचं. शाळेची घंटा देते ती मावशी, शेजारी भांडी घासते ती मावशी, आणि मला ताप आला की उशाशी बसून राहते, तीही मावशीच!

"अपेक्षा, आई नाही आल्या?" बाईंनी विचारलं.

"तिची वाळूजला कंपनीत शिफ्ट आहे, बाई."

"मग तुझे पालक म्हणून कोण आलंय?"

अपेक्षा उठली. भीती नव्हतीच, उलट मजा वाटत होती — बोलणारच मी! — आणि तिने मावशीकडे पाहिलं. रिक्षावाल्यांशी भर चौकात भांडणारी मावशी, रिकामा ट्रे छातीशी धरून उभी; तिने मान हलवली. इतकीशीच. नको.

म्हणजे बोलायचं मी, आणि घरमालकाला, कंपनीतल्या बायकांना तोंड द्यायचं आईने... वाक्य माझ्या एकटीचं नव्हतंच की काय? मग आरशासमोर घोटत होते तेव्हाच सांगायचं नाही का कुणी! वैताग नुसता.

"ही," अपेक्षा म्हणाली. मावशीच्या हातातला ट्रे ओढून घेतला, खुर्ची पुढे केली. "हीच आलीय."

"अगं पण या तुझ्या कोण?"

मावशी अवघडून बसली. पिन सुटली होती. अपेक्षाने ती काढली, पदर सारखा करेपर्यंत दातात धरली — बरंच झालं, आता बोलता येत नाही... आणि आई? आई रोज सकाळी हेच करते का, बोलायचं ते असं दातात धरून?