खुडलेले शेंडे

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांनाच विज्ञान शिकायला शिबिराला बोलावतात, हे मला मुळात पटत नाही. अख्खं आयुष्य चौथीच्या वर्गात गेलं माझं. 'रोपाला वाढायला सूर्यप्रकाश लागतो' हे वाक्य फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही लिहीन. प्रयोग मात्र कधी केला नाही. वर्गभर पोरं आणि एक फळा, प्रयोग करणार कुठे? आकृती काढायची, निष्कर्ष लिहून द्यायचा, चला पुढच्या धड्याकडे.

यंदा मात्र सूनबाईसाठी आले. ती माझ्याच शाळेत हंगामी शिक्षिका आहे. सुट्टी लागली की नोकरी संपते, शाळा उघडली की पुन्हा अर्ज. शिबिराचे प्रशिक्षक ज्यांना चांगला शेरा देतील त्या हंगामी शिक्षकांना कायम करायचं ठरलं होतं. "आई, तुम्ही बरोबर असलात की मला धीर येतो," म्हणाली. घरी माझ्या भाजीत मीठ कमी आहे म्हणायला धीर लागत नाही तिला, इथे बरा लागला. पण मनातून सुखावले, खोटं कशाला बोलू.

आम्हा दोघींना मिळून एक टेबल होतं. दोन कुंड्यांत घेवड्याच्या बिया पेरल्या. एक कुंडी खिडकीत, दुसरी टेबलाखाली खोक्याने झाकलेली. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर खोकं उचलायचं आणि काय दिसतं ते सांगायचं. पाणी घालायचं काम सूनबाईचं. एका सकाळी ती टेबलाखालून डोकं बाहेर काढून हसायलाच लागली.

"आई, अंधारातली रोपं खिडकीतल्यांपेक्षा उंच चाललीत."

"म्हणजे चुकलंय काहीतरी. खोक्याला फट असेल."

"नाहीये, पाहिलं मी. पिवळी पडलीत, पण उंच आहेत. असू दे ना, जे दिसतं ते सांगू."

जे दिसतं ते सांगू म्हणे! एवढ्या शाळांचे शिक्षक बसलेले आणि ही उभी राहून पुस्तकाच्या उलटं बोलणार. कायम व्हायचं राहिलं बाजूला, हसं व्हायचं. आणि नुसती तिचीच काळजी होती असंही नाही. माझ्या टेबलावरचा प्रयोग फसतो म्हणजे काय?

शेवटच्या दिवशी सगळे चहाला गेले, तेव्हा "आलेच" म्हणून मी मागे राहिले. वाकले, खोकं तिरकं केलं आणि भाजी निवडावी तसे भराभर शेंडे खुडले. खिडकीतल्या रोपांपेक्षा बोटभर खाली आणली सगळी. शेंडे रुमालात गुंडाळले आणि चहाला गेले. चहा छान लागला, हेही सांगून टाकते.

पहिल्या टेबलाने खोकं उचललं. अंधारातली रोपं हातभर उंच. दुसऱ्याने कपाटातून कुंडी काढली, तीही उंच. प्रशिक्षक खुशीत आले. "बघा, बियांतला अन्नाचा साठा संपायच्या आत रोप उजेड गाठायला धडपडतं. म्हणून असं लांब, पिवळं, नाजूक वाढतं. पुस्तकातल्या एका ओळीवर भागवलं असतं तर हे कळलं असतं का?"

मी घाईने सूनबाईचा हात ओढला, तर ती माझ्या कानाशी येऊन म्हणते, "बघा, मी म्हटलं होतं ना?" आणि उठून पुढे गेलीसुद्धा. "आमची अंधारातली रोपंसुद्धा उंच झालीत," असं हसत सांगून तिने खोकं उचललं.

तिने कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळायला क्षणही लागला नाही.

"माझ्या हातून तुटली, सर," ती म्हणाली.

प्रशिक्षकांनी कुंडी उचलून जवळून पाहिली. "सगळी एकाच उंचीला तुटली? ही नखाने खुडलेली आहेत." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "उत्तर चुकलं तर चालतं मला. पण पुस्तकाशी जुळावं म्हणून जो प्रयोगच बदलतो, त्याच्या हातात मुलं कशी द्यायची?"

तेव्हाच उठायचं होतं. पोरं खोटं बोलली तर त्यांना कोपऱ्यात उभी करणारी मी, मुकाट्याने टेबलाची कड बघत बसले.

जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र राहवेना. सगळे जमल्यावर उभी राहिले. "सर, शेंडे मी खुडले. तिला काही माहीत नव्हतं."

प्रशिक्षक हसले, अगदी मायेने. "बाई, तुमची भावना कळते मला. पण शेरा आत्ताच पाठवला मी."

"भावना नाही हो, मीच खुडले. हे बघा," म्हणून मी रुमाल उघडून पुढे धरला. पिवळे शेंडे मलूल होऊन पडले होते.

"कचऱ्याच्या डब्यातून शोधून आणलेत ना?" मागून कोणीतरी म्हणालं, "सुनेसाठी बाई आळ अंगावर घेतायत." आणि टाळ्या सुरू झाल्या. आयुष्यात कधी माझ्यासाठी इतक्या टाळ्या वाजल्या नव्हत्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

खाली बसले आणि सूनबाईला म्हटलं, "अगं, तू तरी सांग त्यांना."

"काय सांगू? सकाळी मीच म्हटलं माझ्या हातून तुटली म्हणून. आता दोघीही खोट्या ठरू."

निघायच्या वेळी दुसऱ्या शाळेच्या एक बाई मुद्दाम आमच्या टेबलाशी आल्या. माझा हात हातात घेऊन सूनबाईला म्हणाल्या, "अशी सासू मिळायला नशीब लागतं हो."

सूनबाई कुंडीतली माती पिशवीत ओतत होती. मान वर न करता म्हणाली, "हो ना. आई माझ्यासाठी काहीही करतात."