उसना कुत्रा

"बाई, इथे मोठा कुत्रा भाड्याने मिळतो का हो?"

विचारून ती मोकळी झाली आणि तिने हळूच मागे पाहिलं. बाकावर बसलेल्या तिच्या दोघी मैत्रिणी तोंडावर हात दाबून खुदखुदत होत्या. पैज त्यांचीच. 'विचारून दाखव, मग मानलं तुला!' आता माघार कशी घेणार? गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी देतानाही जिची जीभ टाळ्याला चिकटायची, ती हल्ली कुणाच्या बापाला भीत नव्हती.

खरं तर प्रश्न अगदीच थट्टेचा नव्हता. तिच्या काखेत बटण होता. बटण म्हणजे घरचा कुत्रा. एक कान उभा, एक पडलेला, आणि अंग शाळेच्या दप्तरात मावेल एवढं. दर रविवारी ती त्याला घेऊन या मैदानावर यायची. दांड्यांवरून उड्या, कापडी बोगदा, खांबांमधून नागमोडी पळणं, आणि शेजारून आपण धावत हाताने त्याला वाट दाखवायची, असा हा खेळ. बटणच्या दांड्या त्याच्या बेताने, घोट्याच्या जरा वर लावलेल्या. बोगद्यापर्यंत सगळं झकास व्हायचं. मग शेवटच्या उडीला गडी दर वेळी वाट सोडून थेट बाकाकडे सुटायचा.

मैत्रिणी हसून लोळायच्या. "ढ आहे गं तो, ढ!" तीच आधी ओरडायची. म्हणजे हसणं बटणवर गेलं, आपण सुटलो.

घरी तिने धोशाच लावला होता, मला मोठा कुत्रा हवा. घर दोन खोल्यांचं, दोन कुत्र्यांना जागा कुठली? शेवटी आई वैतागून हो म्हणाली. बटण मावशीकडे जाणार होता. आजच, संध्याकाळी.

"भाड्याने कशाला? माझी घे की," खेळ शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या आणि आपल्या उंच, झुपकेदार शेपटीच्या कुत्रीला तिच्यापुढे उभं केलं. "पळून बघ."

बटणला तिने कुंपणापाशी बसलेल्या बाबांच्या मांडीवर टेकवलं आणि धावली.

आणि काय सांगावं! कुत्री कसली, नुसता वारा! दांड्या गेल्या, बोगदा गेला, खांब कधी सरले कळलंही नाही. शेवटची उडी समोर आली. "बघताय ना गं?" म्हणत तिने बाकाकडे मान वळवली, तिकडेच हात उंचावला, आणि हात गेला तिकडे कुत्री गेली. दोघींच्या मधून, बाकावरून, पाण्याच्या बाटल्या उडवत. पलीकडे थांबून कुत्री वळली आणि तिच्याकडे बघू लागली. सांगितलंस ते केलं, आता पुढे?

मैत्रिणी किंचाळल्या, मग हसत सुटल्या. "अगं, हीसुद्धा ढच निघाली!"

ती हसली नाही. तिचा हात अजून वरच होता. दर रविवारी, याच उडीपाशी, तो असाच वर जायचा. तिने तो पटकन खाली घेतला. कान तापले. 

बाबांच्या मांडीवरून बटण शेपटी हलवत होता. बाकापाशी पोचल्यावरही तो असाच शेपटी हलवत वळायचा, काम फत्ते केल्याच्या खुशीत. आणि ती त्याला काय म्हणायची? ढ. गाढव. बिनकामाचा. तेही चारचौघांत.

घरी जाताना त्याला काखेत घ्यायला ती धजेना.

"काय गं, पसंत पडली ना मोठी कुत्री?" बाबांनी विचारलं. ती चार पावलं पुढे निघून गेली.

आईने बटणचं सामान पिशवीत भरून दाराशी ठेवलं होतं. वाडगा, जुनी चादर, चावून चोथा केलेला चेंडू. "मावशी निघतेच आहे. नवी गादी आणलीय म्हणे त्याला."

तिने पिशवीतून वाडगा काढला आणि ओट्याखाली, त्याच्या नेहमीच्या जागी ठेवला. मग ती दोघांकडे वळली.

"आई, बाबा, बटण कुठेही जाणार नाही. चुकत मी होते. दर वेळी मीच त्याला बाकाकडे पाठवलं आणि वर शिव्याही मीच घातल्या. मोठा कुत्रा मला नको. मावशीला फोन मी करते, आत्ताच. ती चिडली तर ऐकून घेईन. आणि पुढच्या रविवारी मी बटणबरोबरच पळणार. त्या दोघींना काय हसायचंय ते मला हसू देत."