बाईंना कळता कामा नये

बाईंनी मिस्टरांचा हात धरला आणि वॉशिंग मशीनच्या बटणावर नेऊन ठेवला.

"हे पांढऱ्या कपड्यांचं. रंगीत एक जरी आत राहिला तर सगळे शर्ट गुलाबी होतील. मग बसा."

मिस्टरांनी बटण दाबलं. संसाराची इतकी वर्षं त्यांनी या यंत्राला लांबूनच नमस्कार केला होता. पण गेल्या आठवड्यात अंडी उकडणं शिकून झालं, परवा घराची कागदपत्रं कुठल्या कपाटात असतात ते झालं. निवृत्त नवऱ्याला वळण लावायचं बायकोनं मनावर घेतलंय, एवढाच अर्थ त्यांनी काढला. शिवाय त्यांचं अर्धं लक्ष खिशातल्या फोनकडे होतं.

शहरातल्या जुन्या, आता पाडून टाकलेल्या जलतरण तलावावर बाईंनी उभं आयुष्य मुलींना पोहायला शिकवण्यात घालवलं. सगळे त्यांना बाई म्हणत आणि यांना बाईंचे मिस्टर. नकाशे काढण्याच्या नोकरीत मिस्टर बरेच वर चढले होते, तरी रस्त्यात ओळख निघायची ती तलावाचीच. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. उलट कॉलर थोडी ताठच व्हायची.

फोन यायचा तो डॉक्टरणीचा. ती बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता हाडांची डॉक्टर आणि विद्यापीठात शिकवणारी. महिन्यापूर्वी तिनंच बाईंचा गुडघा तपासला, रक्तही तपासायला पाठवलं. बाई एक्स-रे काढायला आत गेल्या तेव्हा तिनं मिस्टरांना बाजूला घेतलं. विद्यापीठ दरवर्षी काही माणसांना मानद पदवी देतं, त्यासाठी तिला बाईंचं नाव सुचवायचं होतं. माहिती मिस्टरांनी गोळा करायची. अटी दोनच. व्यक्ती हयात हवी आणि तिला यातलं काही कळता कामा नये, नाहीतर अर्ज बाद.

"पहिली अट बाई पाळतील," ती म्हणाली होती, "दुसरी तुम्ही पाळा."

मिस्टर कामाला लागले. रोज संध्याकाळी चहा झाला की सहज विचारल्यासारखं काहीतरी विचारायचे. बाई आधी चमकून बघायच्या, मग सांगायच्या. भर दुपारची वेळ कुणालाच नको असायची, म्हणून ती मुलींच्या वाट्याला आली. पाण्यात उतरण्याआधी मुली बाकांवर पालथ्या पडून हवेत पाय मारायच्या, आणि ते बघून पहारेकरी हसता हसता एकदा खुर्चीवरून खाली आला होता. डॉक्टरीण तर लहानपणी महिनाभर काठाची दांडी सोडायला तयार नव्हती. बाई पाय पाण्यात सोडून तिच्याशेजारी बसायच्या आणि पोहणं सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर गप्पा मारायच्या. एक दिवस बोलण्याच्या नादात दांडी सुटली, ती पुन्हा काही तिनं धरली नाही. हे सांगताना बाई तरुण दिसायच्या, आणि मिस्टरांना ते दिवस परत हवेसे वाटायचे.

एका संध्याकाळी त्यांना कळलं की बाई तलावावर पहिल्यांदा आल्या त्या तिकिटं द्यायला. खिडकीतून बघून बघून आणि तलाव बंद झाल्यावर एकटीनं कमरेइतक्या पाण्यात उतरून त्या पोहायला शिकल्या होत्या. ही लहानपणापासून पोहत असेल, असंच मिस्टर लग्नापासून धरून चालले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

असं काही कळलं की ते फोन घेऊन गॅलरीत जायचे, दार ओढून घ्यायचे आणि डॉक्टरणीला हळू आवाजात सगळं सांगायचे.

मशीन फिरू लागलं आणि खिशातला फोन वाजला. पडद्यावरचं नाव बाईंनीही वाचलं. मिस्टर गॅलरीकडे वळले.

"इथंच बोला."

मिस्टर थांबले. फोन वाजून वाजून बंद झाला.

"किती दिवस राहिलेत माझे?"

मिस्टरांना आधी काही उमगेचना. बाईंचा आवाज स्थिर होता. हात मशीनवर टेकलेला होता. मग एकेक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. रक्ताची तपासणी, डॉक्टरणीचे फोन, गॅलरीतली कुजबुज, आयुष्यात कधी नव्हती एवढी विचारपूस. बाईंनी सुतावरून स्वर्ग गाठला होता, आणि मागे राहणाऱ्या नवऱ्याची सोयही लावत आणली होती.

अट गेली खड्ड्यात. मिस्टरांनी सगळं सांगून टाकलं.

बाई स्टुलावर बसल्या. आधी हसल्या, मग रडल्या, मग चिडल्या. महिनाभर माझ्या डोळ्याला डोळा नाही आणि हे पदव्या वाटत बसलेत, असं त्यांनी सुनावलं. आता मला कळलं म्हणजे अर्ज बाद ना, हेही विचारलं. आपल्या दोघांखेरीज फक्त मशीननं ऐकलंय आणि ते कुठं बोलणार नाही, असं मिस्टर म्हणाले. बाई पुन्हा हसल्या.

"एक सांगू? भीती वाटायची. पण संध्याकाळची वाटही बघायचे. तुम्ही विचारायचात ना." त्यांनी पदराशी चाळा केला. "आता अर्ज गेला की तेही संपेल."

"अर्ज कधीच गेला. मागच्या सोमवारी."

बाईंनी मान वर केली.

"मग तलाव पाडला त्या दिवसाचं काल विचारलंत, ते कशाला?"

"मलाच ऐकायचं होतं," मिस्टर म्हणाले. "अर्धंच राहिलं."

बाईंनी डोळे पुसले आणि दुसरं स्टूल पायानं त्यांच्याकडे सरकवलं.

"तर त्या दिवशी तलावात पाण्याचा थेंब नव्हता," त्या म्हणाल्या, "तरी आम्ही सगळ्या जणी पोहायचे कपडे घालून गेलो होतो."