फुंकर मारलेली डीव्हीडी

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे झेरॉक्सला चार माणसं यायची. आज गर्दी पार रस्त्यापर्यंत आली होती, कारण आतल्या कॉम्प्युटरसमोर साक्षात डिस्कबाबा बसले होते.

"साधी डिस्क अडखळते, कारण ती निर्जीव!" बाबा गरजले. "आम्ही फुंकर मारतो, तिच्यात प्राण येतो!"

दुकानदाराने दुकानातल्या स्वस्त गठ्ठ्यातल्या कोऱ्या डीव्हीडीवर एक व्हिडिओ पाच मिनिटांत भरला. टीव्हीवर तिचं चित्र शेवटाकडे गोठलं. मग बाबांनी आपल्या पिशवीतली डिस्क काढून फुंकली आणि तोच व्हिडिओ तिच्यात भरेपर्यंत पाव तास गुणगुणत बसले. ही मात्र शेवटपर्यंत चालली. लोकांनी हात जोडले. तेच काम करायला या डिस्कला तिप्पट वेळ का लागला, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. डोकी बहुधा घरी ठेवून आले होते.

गर्दीतल्या दोन बहिणींपैकी धाकटीचं डोकं मात्र सोबत होतं. रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये तिचा जन्म गेला होता, दोन नमुने शेजारी ठेवल्याशिवाय ती कशावर विश्वास ठेवत नसे. शेजारी तिची थोरली बहीण पेन ड्राइव्ह मुठीत घट्ट धरून उभी होती. मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ त्यात होता, आणि त्यात थोरलीचा वारलेला नवरा, म्हणजे धाकटीचे भावजी. दुसरी प्रत नव्हती.

"डिस्क भरली की मूळ प्रत पुसायची," बाबांनी बजावलं. "एका आठवणीला दोन घरं नसतात."

"ताई, खबरदार पुसशील तर!"

"तुला सगळ्यातच खोट दिसते. घरी माझ्या तीन डिस्क फुकट गेल्या, त्याचं काय?"

"कुठल्या होत्या?"

"इथल्याच, गठ्ठ्यातल्या. स्वस्त म्हणून घेतल्या."

धाकटी सरळ पुढे घुसली. "बाबा, गठ्ठ्यातल्या डिस्कवर तुम्ही मनसोक्त फुंका. तुमच्या पिशवीतलीला मी शिव्या घालते. व्हिडिओ दोन्हींत ताईचाच. मग लावून बघू."

"अविश्वासाने विघ्न येतं, बाई."

"इतका नाजूक का तुमचा प्राण?"

लोक हसले. "होऊन जाऊ द्या, बाबा!" कुणीतरी ओरडलं. बाबांची चांगलीच पंचाईत झाली.

"भरायचा वेग मघासारखाच ठेवा हं," धाकटी दुकानदाराला म्हणाली. "गठ्ठ्यातलीला सोळा पट, पिशवीतलीला चार पट. पडद्यावर दिसलं मला." दुकानदार जमिनीकडे बघू लागला.

बाबांनी गाल फुगवून फुंकलं. पुढे पाव तास धाकटीने दुसऱ्या डिस्कचा उद्धार केला. "मेले, कामचुकार, निर्लज्ज कुठली!"

बाबांनी फुंकलेल्या डिस्कमध्ये शेवटाकडे भावजी माइक घेऊन उठले, त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसेच गोठले. ताईने तोंडावर हात ठेवला. शिव्या खाल्लेल्या डिस्कमध्ये भावजींनी विनोद पुरा केला आणि स्वतःच पोट धरून हसले.

"डिस्कवर रंगाचा पातळ थर असतो," धाकटी म्हणाली. "लेझर त्यावर खुणा भाजतो. थर भिकार आणि वेग भरमसाट, मग खुणा धड उमटत नाहीत. कडेला तर सगळ्यात वाईट, आणि व्हिडिओचा शेवट तिथेच असतो. डिस्क चांगली घ्या, वेग बेताचा ठेवा. झाला चमत्कार!"

कुणीतरी बाबांची पिशवी उघडून बघितली. वर दोन चांगल्या डिस्क होत्या, खाली सगळा तोच गठ्ठा. फुंकर मारून लोकांच्या घरी गेला होता तो हाच माल. बाबा चप्पल विसरून मागच्या दाराने पसार झाले.

ताईने पेन ड्राइव्ह पदरात बांधला. "दोन प्रती काढ," ती धाकटीला म्हणाली, "आणि दोन्ही शेवटपर्यंत बघू."

तेवढ्यात एक चष्मेवाले गृहस्थ मटकन खाली बसले. "मी गेल्याच आठवड्यात फुंकर मारून नेली हो," ते म्हणाले. "सुरुवातीची पाच मिनिटं बघितली आणि मूळ पुसून टाकलं. माझी आई शेवटी बोलते."

फुंकरीने निखारा फुलतो, डिस्क नाही. कुणी चमत्कार दाखवला तर तो शेवटपर्यंत बघा, दुसरा नमुना शेजारी ठेवा, आणि खात्री होईपर्यंत हातातलं काही पुसू नका. पुसलेलं कुठलाही बाबा परत आणून देत नाही.